फांद्या खाली लवणारं बारमाही हिरवं झाड, अनगोळात घरासमोर कुठलं लावू?

अनगोळची_सून · १४ मे
नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहालेय. आमचं बेळगावच्या अनगोळात नवीन घर झालंय, साईट तीस बाय चाळीस, गेल्या महिन्यात वास्तुशांत झाली. गेटच्या डाव्या हाताला सात फूट रुंद नी बारा फूट लांब जागा मी झाडासाठी सोडून घेतलीय, मेस्त्री म्हणत होता तिथंपण फरशी टाकूया पण मी ऐकलं नाही. तिथं एकच झाड पाहिजे, पण असं की फांद्या वरनं खाली लोंबत आल्यात नी वर्षभर हिरवं आहे.

माझी नणंद कॅनडात व्हँकूवरकडं असते. तिच्या गल्लीतल्या झाडांचे फोटो तिनं पाठवले, शेंडा वाकलेला, फांद्या अशा पदर सोडल्यासारख्या. तेव्हापासनं डोक्यातनं जाईनात. नावं दिलीत तिनं, वीपिंग अलास्का सीडर नी वीपिंग नॉर्वे स्प्रूस. इथं एका नर्सरीत विचारलं तर म्हणाले मागवून देतो, एका रोपाला साडेचार हजार. घालावेत का एवढे पैसे?

जागेचं सांगते. घर पश्चिमेला तोंड करून, दुपारनंतर कडक ऊन. वर बांधकामाचा मुरूम नी खाली काळी चिकट माती, पूर्वी इथं भाताची शेतंच होती. पाणी बोअरचं, जड आहे, बादलीला पांढरं साठतं. पाण्याचा संप, म्हणजे जमिनीतली टाकी, गेटच्या उजव्या बाजूला, झाडापासनं नऊ-दहा फुटांवर.

आणि एक अडचण. दिरांच्या मुलानं सासूबाईंना सांगितलं की वीपिंग म्हणजे रडणारं. झालं, त्या म्हणाल्या नव्या घराच्या दारात रडणारं झाड नको गं बाई. त्यांना दुखवून काही लावायचं नाही मला. काय करू?

टिळकवाडीचा_माळीकाका · १४ मे
ताई, आधी ते साडेचार हजार घरातच ठेव. अलास्का सीडर हे अमेरिका-कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं थंड नी ओल्या डोंगरातलं झाड, स्प्रूस युरोपातलं. त्यांना हिवाळ्यात महिनोनमहिने खरा गारठा लागतो, त्या गारठ्यात ती झोपतात नी वसंतात उठतात. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण साडेसातशे मीटर, हवा छान म्हणून आपण मिरवतो पण डिसेंबरात पहाटे स्वेटर घातला की संपली आपली थंडी, नी मार्च-एप्रिलचं ऊन त्या झाडांना सोसत नाही. आपला देवदारसुद्धा, ज्याच्या फांद्यांची टोकं अशीच लवलेली असतात, तो हिमालयात दीडेक हजार मीटरच्या वर सुखानं वाढतो. मागवलेलं रोप कुंडीत एखादा हंगाम हिरवं दिसेल नी मग खालनं तपकिरी होत जाईल, हे मी दोन ओळखीच्या घरी डोळ्यांनी बघितलंय.

आता तुला पाहिजे ते आपल्याकडं आहेच की. उंच अशोक. कॉलेजांच्या नी मंगल कार्यालयांच्या कंपाउंडला रांगेनं उभा असतो म्हणून आपण त्याच्याकडं नीट बघतच नाही. एकदा एकट्यानं उभा असलेला बघ, कुणी न छाटलेला. फांद्या खोडापासनं निघाल्या की लगेच खाली वळतात नी एकावर एक झालर धरल्यासारख्या जमिनीपर्यंत येतात. पानं लांबट, कडेला लाटा, चकचकीत. नवी पालवी तांब्याच्या रंगाची येते, मग पोपटी, मग गडद. हे मूळ आपल्याच दक्षिणेतलं नी श्रीलंकेतलं झाड, कुळ सीताफळाचं. सरळ खोडामुळं पूर्वी गलबतांच्या डोलकाठीला वापरायचे म्हणून इंग्रजीत मास्ट ट्री म्हणतात. नर्सरीत 'पेंडुला' म्हणून माग, साध्या जातीचा अशोक पसरतो, तो सात फुटांत मावणार नाही. पेंडुलाचा घेर चार-पाच फुटांच्या आत राहतो, उंची मात्र तीस-चाळीस फुटांपर्यंत जाते, तेव्हा वर लाईटची तार आहे का ते बघून घे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग नी म्हणावं, याचं नावच अ-शोक, शोक नसलेला. फांद्या खाली आल्या म्हणजे झाड रडालंय असं आपल्या भाषेत कुठं म्हणतात? आपण म्हणतो लवलंय. फळानं झाड लवतं, मोठ्यांसमोर माणूस लवतो.

निपाणीचा_विजू · १५ मे
अशोक सगळीकडंच बघायला मिळतोय हो. बेंजामिना लावा की, वीपिंग फिग म्हणतात तेच, बारीक चकचकीत पानं, फांद्या मस्त लोंबतात नी दोन-तीन वर्षांत मोठं होतं. आमच्याकडं कुंडीत आहे, एक नंबर दिसतं.

शहापूर_विणकर · १५ मे
विजूभाऊ कुंडीत असू दे पण ताईंना जमिनीत लावायला सांगू नका, हात जोडून सांगतो. आम्ही २००८ ला घरासमोर बेंजामिनाच लावला होता, असंच कुणीतरी सुचवलं म्हणून, सुरुवातीला काय दिसायचं, येणारे-जाणारे थांबून बघायचे, सावली पण गार. हे झाड वडा-पिंपळाच्या कुळातलं, फांदी मोडली की चीक येतो बघा, नी मुळं पाण्याच्या वासानं जातात. आमचा संप झाडापासनं आठ फुटांवर. २०१६ च्या उन्हाळ्यात संपातलं पाणी भरलं की दोन दिवसांत उतरायला लागलं, आम्हाला वाटलं पाईप फुटलाय, सगळं खणून बघितलं तर मूळ भिंतीच्या सांध्यातनं आत शिरून संपाच्या तळाला केसांच्या जटेसारखं पसरलेलं. अंगणाची फरशी उचललेली ती वेगळीच. झाड तोडायला लागलं, त्या दिवशी माझी आई जेवली नाही, नी संपाचं काम नव्यानं करायला लागलं. झाड वाईट नाही, मोठ्या मैदानात, देवळाच्या आवारात लावा, खुशाल शंभर वर्षं वाढू दे. पण तीस बाय चाळीसच्या साईटवर नऊ फुटांवर संप असताना नको म्हणजे नकोच.

निपाणीचा_विजू · १५ मे
बाप रे, हे माहीत नव्हतं. कुंडीत ठेवतो मग. ताई माझं सोडून द्या.

खानापूरची_अक्का · १६ मे
काकांनी अशोकाचं छान सांगितलं पण एक मला सांगायलाच पाहिजे. हा उंच अशोक, खरा अशोक नाही. खरा तो सीताअशोक, आपल्या घाटातला, खानापूरच्या पश्चिमेच्या रानात ओढ्याकाठी सावलीत वाढणारा. त्याची नवी पालवी तर बघण्यासारखी, तांबूस-गुलाबी पानांचे मऊ झुपके फांदीच्या टोकाला अगदी गळून पडल्यासारखे लोंबतात, मग हळूहळू ताठ होतात नी हिरवे होतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास खोडावर नी जुन्या फांद्यांवर थेट फुलांचे गुच्छ येतात, आधी केशरी-पिवळे मग लाल, संध्याकाळी वास सुटतो. हेही बारमाही हिरवं. अशोकारिष्टासाठी याची साल इतकी ओरबाडली गेली की रानातली झाडं कमी झालीत, म्हणून कुणी घरात लावतो म्हटलं की मला बरं वाटतं.

पण ताई तुमच्या जागेला मी तो म्हणणार नाही. पश्चिमेचं कडक ऊन नी जड पाणी, रोप करपेल. घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला कोपरा असला तर तिथं लावा, वाढायला हळू आहे, दहा वर्षांत मोठ्या झुडपाएवढा धरा.

गेटजवळ तिसरा पर्याय म्हणजे लोंबता बॉटलब्रश. मूळ ऑस्ट्रेलियाचा, तिकडं ओढ्यांच्या काठानं वाढतो, म्हणून पावसाळ्यात मुळाशी थोडं पाणी राहिलं तरी सहन करतो नी मुळं धरली की उन्हाळाही काढतो. पंधरा-वीस फूट होतो. लाल ब्रश आले की सूर्यपक्षी दिवसभर हलत नाहीत. जांभूळ, पेरू, निलगिरी यांच्याच कुळातला, पान चुरगाळलं की वास कळतो.

अथणी_रानातला · १६ मे
अक्का बॉटलब्रशचं एक मी सांगतो. आमच्याकडं अथणीला पाऊस तुमच्या निम्मापण नाही, काळी माती, खाली चुनखडी, बोअरचं पाणी तर भयंकर जड. बॉटलब्रश लावला, मेला नाही, पण दुसऱ्या वर्षापासनं पानं पिवळी नी शिरा तेवढ्या हिरव्या. चुन्याच्या मातीत लोह असूनसुद्धा मुळांना उचलता येत नाही, त्याचं लक्षण ते. चिलेटेड आयर्न, म्हणजे मुळांना उचलता येईल असं लोह, पाण्यातनं देतो नी पावसाचं पाणी पत्र्यावरनं पिंपात धरून तेच घालतो तेव्हा हिरवा होतो, पुन्हा बोअरचं चालू केलं की परत तेच. ताईंची बादली पांढरी पडते म्हणजे त्यांनापण हा त्रास येणार. छाटणीचं पण ध्यानात ठेवा, फुलं संपली की लगेच ब्रशच्या मागं थोडं कापायचं. जुन्या उघड्या लाकडात खोल कापलं तर तिथनं फूट येईलच असं नाही.

अनगोळची_सून · १८ मे
सगळ्यांचे किती आभार मानू. शहापूरच्या दादांचं वाचून अंगावर काटा आला, बेंजामिना माझ्या यादीत दुसऱ्या नंबरला होता. सासूबाईंना काकांचं सगळं वाचून दाखवलं. अशोक म्हटल्यावर त्या एकदम गप्प झाल्या नी म्हणाल्या माझ्या माहेरी येळ्ळूरला शाळेसमोर होते, पानं तोरणाला आणायचो आम्ही. म्हणजे तो प्रश्न सुटला. अक्कांचं खऱ्या-खोट्याचं पण सांगितलं, तर म्हणाल्या दोघंपण लावूया की, उत्तरेला बाथरूमच्या मागं कोपरा आहेच.

काल दीड फूट खड्डा खणून पाणी भरून ठेवलं. संध्याकाळी भरलेलं, आज दुपारी बाराला बघितलं तरी चार बोटं पाणी उभं आहे. हे चालेल का?

टिळकवाडीचा_माळीकाका · १८ मे
खड्डा भरून बघितलास ते फार चांगलं केलंस, शंभरात एक माणूस करतो. नाही, असं चालणार नाही. मे महिन्यात एवढा वेळ पाणी उभं, तर जुलैत आपल्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा काय होईल? अशोकाला पाणी आवडतं पण पाय पाण्यात नको. काळ्या मातीत खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत खत-माती भरली की ती एक विहीरच होते, आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येऊन बसतं नी मुळं कुजतात. पानं वरनं पिवळी पडतात, मग माणूस म्हणतो पाणी कमी पडलं नी अजून घालतो. यानंच जास्ती झाडं जातात.

तू खाली जाऊ नको, वर ये. सिमेंटचा चुरा, विटांचे तुकडे, मुरूम सगळं काढून टाक, सिमेंटचा चुना मिसळलेलं ते, ठेवू नको. खालची काळी माती फूटभर फक्त कुदळीनं हलवून घे, तशीच राहू दे. तिच्यावर दीड फूट उंचीची गादी कर, चारएक फूट रुंद, उतार गेटकडं. हिंडलगा-खानापूरकडची तांबडी माती मिळते, ती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड, वाळवी रोखायला नी मुळांना दोन्हीला चांगली. शेणखत ताजं नको, हाताला गरम लागलं तर परत पाठव. कडेला जांभ्याचे चिरे नुसते मांडून ठेव, सिमेंट नको, पाणी फटीतनं जाऊ दे. कंपाउंडच्या भिंतीपासनं खोड साडेतीन फूट तरी लांब.

आणि रोप घेताना उंचीला भुलू नको. आठ फुटांचं रोप दोन फुटांच्या पिशवीत म्हणजे मुळं आत गोल-गोल फिरलेली. तीन-चार फुटांचं घे, शेंडा सरळ नी एकच, खालपासनं पानं असलेलं. पिशवी कापल्यावर कडेनं गुंडाळलेली मुळं दिसली तर धारदार ब्लेडनं दोन-तीन ठिकाणी उभी चीर दे, घाबरू नको. मृग लागला, दोन चांगले पाऊस झाले की लाव.

सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटी सांगतो. शेंडा कधीही कापायचा नाही. याचा सगळा आकार त्या एका शेंड्यावर उभा आहे. तो गेला की खालनं तीन-चार शेंडे उठतात, झाड मध्ये फुगतं, नी ती झालर परत येत नाही. आमच्या गल्लीत माझ्या हातनं लावलेली सहा झाडं होती, १९९७ ची. तारेला लागतात म्हणून एका सकाळी सगळ्यांचे शेंडे उडवले, मी बाजारातनं परत येईपर्यंत काम झालेलं. अजून उभी आहेत, पण मी त्या बाजूनं जायचं टाळतो. तार तीस फुटांवर आहे हे लावतानाच बघायला पाहिजे होतं नी ते मी बघितलं नाही.

खानापूरची_अक्का · १९ मे
अशोकाचं अजून दोन गोष्टी. हिरवंगार म्हणजे पान गळत नाही असं नाही, उन्हाळ्याच्या तोंडाला नवी पालवी येते तशी जुनी पानं थोडी-थोडी पडत राहतात, चिवट असतात, लवकर कुजत नाहीत, वेगळा ढीग करून वर थोडं शेण शिंपडा. दुसरं, पाच-सहा वर्षांनी फळं धरायला लागली की पावसाळ्यात काळी होतात नी रात्री वटवाघळं येतात, कोकिळापण खातात. खाली गाडी लावत असाल तर रंगावर डाग पडतील, गाडी दुसऱ्या बाजूला. आणि कोवळी पानं कुरतडलेली दिसली तर लगेच औषध मारू नका, काळ्यावर पोपटी ठिपके असलेलं फार चपळ फुलपाखरू असतं, टेल्ड जे, त्याच्या अळ्या यावर वाढतात. झाडाला काही होत नाही.

सीताअशोकाचं रोप माझ्याकडं आहे, बी पासनं केलेलं दोन वर्षांचं. बेळगावला येईन तेव्हा घेऊन येते.

अनगोळची_सून · १५ जून
लावलं! अकरा तारखेला, मृगातच. काकांनी सांगितलं तसं सगळं केलं, गादी दीड फूट, तांबडी माती टेम्पोनं आणली, जांभ्याचे चिरे सासऱ्यांनी स्वतः मांडले. रोप साडेतीन फुटांचं. पिशवीतली मुळं खरंच गोल फिरलेली होती, हात थरथरत होता चीर देताना. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं.

काल रात्री वारा-पाऊस जोराचा झाला नी सकाळी रोप पूर्वेकडं कलंडलेलं. सरळ करून काठी लावलीय, खोडाला घट्ट बांधलीय. बरोबर आहे ना?

शहापूर_विणकर · १५ जून
ताई काठी बरोबर पण घट्ट नको, सुतळीनं आवळलं की खोड वाढताना सालीत काप पडतो. जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी फाडा, काठीला एक वेढा नी खोडाला सैल वेढा असं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं बांधा. चिव्याच्या बांबूची काठी असेल तर चांगली, ती पावसात टिकते. काठी पश्चिमेला ठोका, पावसाळ्यातला वारा तिकडनं येतो, म्हणजे रोप काठीवर घासत नाही.

टिळकवाडीचा_माळीकाका · १५ जून
बरोबर. आणि बांधताना खोडाच्या निम्म्या उंचीवरच बांध, वरचा भाग वाऱ्यात हलू दे, हलल्यानंच खोड जाड होतं. पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमारास काठी काढून बघ, उभं राहिलं तर परत लावू नको. पाणी आता अजिबात घालायचं नाही. नोव्हेंबरपासनं आठवड्यातनं एकदा, मार्च ते मे दोनदा, दर वेळी पंधरा-वीस लिटर, सावकाश. पत्र्यावरचं पावसाचं पाणी धरता आलं तर अथणीवाल्यांनी सांगितलं तसं कर, जड पाणी यालाही फार आवडत नाही. बुंध्याभोवती भाताचं तूस किंवा पालापाचोळा टाक, पण खोडाला चिकटू देऊ नको, चार बोटं मोकळी ठेव.

अनगोळची_सून · २ नोव्हेंबर
काका, दसऱ्याला काठी काढली, उभं आहे. पण खालची पाच-सहा पानं पिवळी होऊन पडली, वरची ठीक आहेत. घाबरू का?

टिळकवाडीचा_माळीकाका · २ नोव्हेंबर
सगळ्यात खालची, जुनी पानं तेवढीच असतील तर नाही. पहिल्या वर्षी जागा बदलल्यावर झाड खालचं सोडतं नी वर लक्ष देतं. वरची पिवळी पडली तर सांग, मग मी येऊन माती बघतो. शेंड्याला काय आहे ते सांग आधी.

अनगोळची_सून · ३ नोव्हेंबर
शेंड्याला तांबूस पालवी आहे काका, सात पानं, आज सकाळी सासूबाईंनी मोजली. आणि सगळ्यात वरच्या दोन फांद्या आताच खाली वळालेत.